अडतीस ग्रॅम

"आजपासून मला दोन अंडी," हे दारातूनच म्हणाले. चपलाही काढल्या नव्हत्या. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

डायलिसिस सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सेंटरची गाडी त्यांना कोपऱ्यावर सोडून गेली होती, हातावर पट्टी होती, चेहरा पार उतरलेला होता, पण आवाज मात्र बक्षीस लागल्यासारखा. मी सकाळपाळी संपवून नुकतीच घरी आले होते. हात पुसले आणि कागद घेतला. छापील होता. वर 'रुग्णाचे नाव' असं लिहून पुढे रेघ होती आणि रेघेवर काहीच नव्हतं. खाली लिहिलं होतं, रोज दोन अंडी, एक वेळ मासे किंवा चिकन, डाळ, इतकं दूध. मी दोनदा वाचलं आणि मला हसू आलं.

"या वेळी छापूनच आणलात," मी म्हणाले.

"अगं, खरंच दिलाय. तिथल्या आहारवाल्या मॅडमनी दिला. सगळ्यांना दिला."

"सगळ्यांना दिला ना? मग तो तुमचा नाही. तुमचा तुमच्या नावाने येईल."

"नाव घालायचं राहिलं असेल."

"बरोबर. आणि मागच्या वेळी शिक्का मारायचा राहिला होता."

मी तो कागद फडताळात बरण्यांखाली अंथरला आणि त्या संध्याकाळी त्यांना रोजच्यासारखं अर्धं अंडं दिलं.

मागच्या वेळची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी कजाग बाई वाटेन. तशी मी आहेच, पण निष्कारण नाही.

रबरी नळ्या आणि वायसर बनवणाऱ्या कारखान्यात मी चोवीस वर्षं तोलाईच्या खोलीत आहे. मोठ्या मशीनमध्ये रबर मळतात, त्यात घालायच्या भुकट्या आम्ही बायका आधी तोलून पिशव्यांत भरून ठेवतो. गंधक जास्त पडलं तर नळी ठिसूळ होते, कमी पडलं तर चिकट राहते, आणि दोन्ही वेळा पिशवीवरच्या सहीवरून तोलणारी सापडते. माझ्या सहीची पिशवी चोवीस वर्षांत एकदाही परत आलेली नाही. तिथे मला 'काटा' म्हणतात. पाठीमागेही म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात. मला ते आवडायचं.

हे बेकरीची गाडी चालवायचे. दुकानादुकानांत पावाचे ट्रे उतरवायचे आणि प्रत्येक दुकानात काहीतरी तोंडात टाकायचे. लग्नाला महिना झाला तेव्हा मी विचारलं होतं, दुपारी जेवण का जात नाही? तर म्हणाले, हल्ली हवा मानवत नाही. शर्टावर केकचा चुरा होता. बाकी माणूस लाखात एक. दारू नाही, आदळआपट नाही, कुणाच्या अध्यात मध्यात नाहीत. पण खाण्याचा विषय निघाला की धादांत खोटं बोलणार, आणि तेही हसत हसत. आम्हाला मूल नाही, त्यामुळे भांडायला विषय तरी कुठले असणार? आमची सगळी भांडणं ताटावरूनच झाली.

किडन्या निकामी होत चालल्यात हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ कमी, पाणी मोजून आणि प्रोटीन दिवसाला अडतीस ग्रॅम. प्रोटीन जास्त झालं की किडनीवर ताण येतो.

"आता रोज ग्रॅममध्ये मोजत कोण बसतंय म्हणा," डॉक्टर हसून पुढे म्हणाले, "पण अंदाजाने—"

"मी बसते," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी छोटा काटा विकत आणला. एका अंड्यात सहा ग्रॅम, पावाच्या कापात दोन, वाटीभर शिजल्या डाळीत सात-आठ, सगळं पाठ केलं. एक वही घातली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, बेरीज. ह्यांनी वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बेकरीत तीस वर्षं तपासनीस आला नाही, आणि आता घरात आला," म्हणाले. तेव्हापासून मी 'इन्स्पेक्टर'.

पहिल्याच महिन्यात सांगायला लागले की दूध पातळ असतं, त्यातलं प्रोटीन धरत नाहीत, दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला. मग दर बुधवारी भावाकडे जाणं सुरू झालं. भाऊ आजारी होता म्हणे. तो भाऊ मला बाजारात भेटला, ठणठणीत, आणि वर मलाच म्हणाला, "वहिनी, दादा अजून मासे काय चवीने खातो हो." मी घरी येऊन भांडले, हे हसले, मी बोलणं टाकलं, दोन दिवसांनी पुन्हा सुरू झालं. इथवर सगळं नेहमीचं होतं.

मग ह्यांनी चिठ्ठी आणली. डॉक्टरांच्या दवाखान्याचाच छापील कागद, त्यावर लिहिलेलं, 'रविवारी चिकन चालेल,' आणि खाली वाकडी सही. मी विश्वास ठेवला. पाच रविवार मी माझ्या हाताने चिकन शिजवलं, पोटभर वाढलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना खाताना बघून मलाही बरं वाटलं. सहाव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. नऊ दिवस इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, चिकन कोणी सांगितलं? मी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "कागद माझाच आहे, अक्षर माझं नाही. आणि आमचा शिक्का कुठाय?" अक्षर बेकरीत बिलं लिहिणाऱ्या माणसाचं निघालं.

मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ओरडले नाही. ओरडायचं त्राण नव्हतं.

"यापुढे खाण्याबद्दल तुमच्या तोंडचं मी काही ऐकणार नाही," मी म्हणाले. "कागद आणलात तरी नाही."

"कबूल," हे म्हणाले. हात जोडले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. "तू देशील तेवढंच."

त्यानंतर दोन वर्षं हे खरोखर मी देईन तेवढंच खात राहिले. अंडं उकडून मी सुरीने मधोमध कापायची, अर्धं त्यांना, अर्धं मला. हे तक्रार करायचे, पण लाडात. एकदा डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "खरं तर मशीनवर जायची वेळ कधीच यायला हवी होती. ही दोन वर्षं तुम्ही मिळवून दिलीत, बाई." त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले, ते माझं मला माहीत. कारखान्यात सगळ्या जणींना सांगितलं. ह्यांनाही चार-चारदा ऐकवलं.

पुढे मशीनवर जायची वेळ आलीच. डॉक्टर म्हणाले, आता सेंटरवाले बघतील, तुम्ही पथ्य सोडू नका. पथ्य म्हणजे मीठ, पाणी, असं त्यांच्या मनात असणार. माझ्या मनात पथ्य म्हणजे अडतीस.

तर असा तो कागद आमच्या घरी आला होता. त्यानंतर तीन-चार दिवस ह्यांनी प्रयत्न केला. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक असायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

"मास्तर डब्यात दोन अंडी आणतात," हे जेवताना म्हणाले. "मशीनवर झोपल्या झोपल्या खातात. सिस्टर काही बोलत नाहीत."

"मास्तरांचं मास्तर बघतील."

"त्या मॅडम म्हणतात, मशीन लागलं की उलटं असतं. रक्त धुताना प्रोटीनही वाहून जातं. मग भरून काढायला जास्त खायचं."

मी डाळीची वाटी काट्यावर ठेवली. "पूर्वी जे विष होतं ते आता औषध झालं. असंच ना? आणखी एखादी चांगली थाप शोधा."

"थाप नाहीये गं."

"चिठ्ठीही थाप नव्हती. भाऊही आजारी होता."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "जाऊ दे. वाढ." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

एक फोन करायला काय झालं होतं? हा प्रश्न मला लोकांनी विचारायची गरज नाही, मी स्वतःला रोज विचारते. मशीनची वेळ अकरा ते तीन, माझी पाळी सात ते तीन, मी एकदाही सेंटरवर गेले नव्हते, हे सगळं खरं आहे. पण फोन नंबर कागदावर छापलेला होता. मी केला नाही, कारण मला शंकाच आली नाही. मला माझा नवरा पुरता माहीत होता.

महिने जात राहिले. ह्यांचे हात बारीक व्हायला लागले. आधी घड्याळाचा पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं. बरणीचं झाकण उघडेना. तीस वर्षं पावाचे ट्रे उचललेला माणूस, जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागला. मी घाबरले नाही असं नाही, पण दर रविवारी त्यांना वजनाच्या काट्यावर उभं करायची आणि काटा चौसष्टच दाखवायचा. पहिल्या महिन्यात चौसष्ट, पाचव्या महिन्यात चौसष्ट. मी म्हणायची, बघा, वजन कुठे कमी झालंय? नुसतं मनाचं आहे.

मग पाय सुजले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. मला वाटलं, किडनीवरचा ताण वाढला. मी वही काढली, विचार केला आणि संध्याकाळचं अर्धं अंडं बंद केलं. अडतीसचे पस्तीस केले. ह्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. तोवर त्यांची भूकही मेली होती. वाढलेलंच उरायला लागलं होतं.

सातव्या महिन्यात ह्यांना सेंटरमधून सिस्टरचा फोन आला. काकूंना घेऊन या म्हणाल्या. मी अर्धी रजा टाकली आणि वही पिशवीत घातली. हे इथे लिहायलाही लाज वाटते, पण मी ती वही मिरवायला नेली होती.

आहारवाली मॅडम म्हणजे अगदी पोरगीच होती. केस वर बांधलेले, टेबलावर अर्धा प्यायलेला चहा. तिने ह्यांची बाही वर केली आणि दंडाभोवती टेप गुंडाळली. दंड तिच्या दोन बोटांच्या कड्यात मावला असता. तिने आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून थांबली.

"वजन तेवढंच आहे," मी म्हणाले. "चौसष्ट. दर रविवारी बघते मी."

"ते पाणी आहे, काकू," ती म्हणाली. "मांस गेलं आणि त्या जागी पाणी भरलं. काट्याला दोन्ही सारखंच. रक्तातलं प्रोटीन खूप खाली गेलंय, पाय त्यामुळेच सुजलेत. काका दिवसभरात काय काय खातात?"

मी वही पुढे केली. एकूण तीन वह्या झाल्या होत्या, ही तिसरी. तिने पहिलं पान पाहिलं, मग मधलं एक.

"किती नीट लिहिलंय," ती म्हणाली. "हे मशीनवर यायच्या आधीचं ना?"

"नाही. कालपर्यंतचं आहे."

तिने शेवटचं पान काढलं. तिथे कालची तारीख होती आणि खाली बेरीज, पस्तीस. तिने ते वाचलं, मागची चार पानं उलटली, पुन्हा पुढे आली. मग ती अगदी हळू म्हणाली, "काकू, मशीनवरच्या माणसाला सत्तर लागतं. निदान सत्तर." आणि ह्यांच्याकडे वळली. "काका, मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कागद दिला होता. समजावूनही सांगितलं होतं. आणि दर वेळी विचारते तेव्हा तुम्ही सांगता, हो, दोन अंडी खातो, चिकन खातो."

माझ्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. मला फडताळ दिसलं, बरण्या दिसल्या. मी तोंड उघडलं.

"मी हिला कागद दाखवलाच नाही," हे म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या चहाकडे बघत म्हणाले, "खिशात राहिला, धुण्यात गेला. मग म्हटलं, कशाला पुन्हा मागायचा. मला तसाही अंड्यांचा कंटाळा."

"काका!" ती पोरगी खरोखर चिडली. "अहो, या बाई तीन-तीन वह्या लिहितात तुमच्यासाठी. एक शब्द सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मला इथे खोटं, त्यांना तिथे खोटं. तुमच्या जिवाशी खेळ चाललाय, कळतंय का?"

"चुकलं," हे म्हणाले. मान खाली घातली होती.

ती आणखी बोलत राहिली, आणि हे ऐकत राहिले, अंड्यांचा कंटाळा आला म्हणणारा माझा नवरा. मी बोलायला हवं होतं. 'दाखवला होता' एवढे दोनच शब्द होते. मी वहीवर हात ठेवून बसून राहिले.

परतीच्या गाडीत मागच्या बाकावर आम्ही दोघंच होतो.

"असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"अगं, तुझं तोंड बघवेना." मग म्हणाले, "आणि मला सवय आहे खोटं बोलायची. तुला जमलं नसतं."

"त्यांना इतके दिवस खातो म्हणून का सांगत होतात?"

"नाही म्हटलं असतं तर तुला बोलावून घेतलं असतं. चारचौघांत तुला बोलले असते."

"बोलू द्यायचं होतं मला. उद्या मी तिला खरं सांगते."

"नको," हे म्हणाले. "तुला आता तिथे सारखं यायचंय. माझं काय, माझी कीर्ती सगळीकडे आहेच."

मी त्यांचा हात धरला. गाडीच्या चालकाने आरशातून पाहिलं, तरी सोडला नाही. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि मी त्यांचा हात असा बाहेर कधी धरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी बिनपगारी रजा घेतली. अंडी, मासे, चिकन, दूध घालून शिजवलेला भात, सगळं मऊ, सगळं थोडं थोडं, दर दोन तासांनी. आता वाढलेलं नाही, पोटात गेलेलं तेवढंच लिहीत होते, आणि बेरीज वर न्यायची होती. वीस झाली, अठ्ठावीस झाली, एक दिवस बावन्न झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. पण सत्तर एकदाही झाली नाही. घास तोंडात घेऊन हे नुसते घोळवत बसायचे. चावायची ताकद नव्हती.

"आणखी एक घास. माझ्यासाठी," मी म्हणायची.

"गंमतच आहे," हे म्हणायचे. "मागत होतो तेव्हा मिळत नव्हतं. आता नको म्हटलं तरी सुटका नाही." आणि मी रडवेली झाले की लगेच, "दे, दे. चांगलं झालंय." गिळायचे. कधी पोटात राहायचं, कधी नाही.

सेंटरवर आता मी बरोबर जायची. तिथे ही बातमी पसरली होती. सिस्टर सुई लावताना म्हणायच्या, "काय काका, आज खरं सांगा, नाश्ता केला का? तुमच्यावर आमचा विश्वास नाही हां." दुसरी एक म्हणायची, "काकू, यांना पाठीशी घालू नका, पक्के लबाड आहेत." मास्तरही एकदा बोलले, "बायकोपासून कागद लपवायचा म्हणजे कमाल झाली तुमची." हे सगळ्यांना हसून दाखवायचे. मी खुर्चीत बसलेली असायची. दर वेळी वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, ह्यांना जरा बरं वाटू दे, मग सांगू. पोरगी खोलीत एकटी असेल तेव्हा सांगू. शुक्रवारी सांगू. आपल्याला लाज वाटते आहे, हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

पाचव्या आठवड्यात साधा खोकला झाला. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि इस्पितळात न्यावं लागलं. छातीत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, औषध जोरात चालू आहे, पण लढायला अंगात काही शिल्लकच नाही. मी विचारलं नाही, का नाही म्हणून. अकराव्या दिवशी, दुपारी, मी पेल्यातून चमच्याने दूध पाजत होते. दोन चमचे गेले. तिसरा ओठांवरून खाली आला, मी तो पुसला आणि चौथा भरला, तेव्हा खाटेपलीकडच्या नर्सने माझं मनगट धरलं. "बाई, थांबा," ती म्हणाली.

महिन्याभराने मी कामावर जायला लागले. कुणी मला विशेष काही विचारलं नाही. एका शनिवारी पाळी संपल्यावर सेंटरवर गेले, कारण ह्यांची ने-आण करायला तिथून दिलेली चाकांची खुर्ची आमच्याकडे राहिली होती आणि ती कुणाला तरी लागणार होती. सिस्टरने खुर्ची ताब्यात घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सही करायला मॅडमच्या खोलीत पाठवलं.

दार उघडंच होतं. आत बाकावर एक नवीन जोडपं बसलं होतं. माणसाच्या हाताला ताजी पट्टी, आणि बायको माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. पोरगी त्यांना तोच छापील कागद समजावून सांगत होती. आता ती रेघेवर स्वतः नाव लिहीत होती, ते मी पाहिलं.

"हा नीट घरी लावा, भिंतीवर," ती त्या माणसाला म्हणत होती. "हसू नका. आमच्याकडे एक काका होते. त्यांनी हा कागद बायकोला दाखवलाच नाही. बायको बिचारी जुन्या पथ्यावर ठेवत राहिली, सगळं मोजून मापून, आणि हे इथे येऊन आम्हाला सांगायचे, खातो म्हणून. इतकं खोटं बोलायचे. स्वतःच्या हाताने स्वतःचं—"

तिने मला पाहिलं आणि थांबली. चेहरा एकदम पडला. "काकू, सॉरी," ती उठत म्हणाली. "मी नाव नव्हतं घेतलं. यांना समजावं म्हणून फक्त..."

"सगळ्यांना सांगता का हे?" मी विचारलं.

"नवीन येतात त्यांना," ती म्हणाली. "ऐकतात मग लोक."

मी टेबलाला धरून उभी राहिले. खुर्चीची पावती समोर होती, पेनही होतं. सही करून निघून जाता आलं असतं. कुणी मला अडवलं नसतं, उलट दारापर्यंत पोचवलं असतं.

"दाखवला होता," मी म्हणाले.

"काय?"

"कागद. त्यांनी मला कागद पहिल्याच आठवड्यात दाखवला होता. हातात दिला होता. समजावूनही सांगितलं होतं, तुम्ही सांगितलंत तसंच, रक्त धुताना वाहून जातं म्हणून. मी ऐकलं नाही. त्या दिवशी इथे ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं."

पोरगी उभीच राहिली. नवीन माणूस आपल्या पट्टीकडे बघायला लागला.

"यापुढे सांगाल तेव्हा असं सांगा," मी म्हणाले.

तेव्हा त्या दुसऱ्या बाईने मांडीवरची पर्स उचलून जमिनीवर ठेवली, नवऱ्याला कोपराने पलीकडे सरकवलं, आपणही सरकली, आणि बाकावर मला जागा करून दिली.